फास्ट लोकलचा हॉर्न किती सुरांनी उतरतो? (आणि रोजच्या इतर अचंब्याच्या गोष्टी)

माटुंगा_डाऊन
मंडळी, हल्ली संध्याकाळी माटुंग्याला स्लोची वाट बघत उभं राहावं लागतं. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, हॉर्न दाबून सुसाट जातात. गाडी समोरून गेली रे गेली की हॉर्नचा सूर एकदम खाली बसतो. डॉप्लर परिणाम शाळेत शिकलो, व्याख्या घोकली, दोन मार्क घेतले, विषय मिटला. पण सूर उतरतो म्हणजे नेमका किती उतरतो हे आजवर कुणी सांगितलं नाही. अर्धा सूर? पूर्ण? त्याहून जास्त? माझा कान कच्चा आहे, घरात पेटी नाही. गाण्यातल्या जाणकारांनी सांगावं.

आणि धागा काढलाच आहे तर तुमच्याही अशा गोष्टी येऊ द्या. विज्ञान, गाणं, चित्रं, काहीही चालेल. अट एकच, रोजच्या बघण्या-ऐकण्यातलं हवं. ताजमहाल आणि धबधबे नकोत.

अर्धा_कटिंग
पहिला! सवडीने वाचतो. वाचनखूण साठवली आहे.

शंकेखोर
प्रश्नच अर्धा विचारलाय. गाडी जवळ येताना सूर आधी *चढत* जातो आणि मग उतरतो. वीस वर्षं अपडाऊन केलंय, हे कान उगाच झिजले नाहीत.

खर्जातला_गंधार
मी गाणं शिकवते, त्यामुळे हा खेळ मला जुना आहे. पार्ल्याला फास्ट गाडी जाते तेव्हा मी उतरलेल्या सुराला सा मानते आणि आधीचा सूर त्याच्यापुढे गुणगुणून बघते. बहुतेक वेळा तो शुद्ध रिषभ निघतो. म्हणजे हॉर्न "रेऽऽऽ" करत येतो आणि "साऽऽऽ" करत जातो. गाडी रेंगाळत असेल तर कोमल रिषभ. एक अडचण अशी की बरेचसे मोटरमन गाडी समोर यायच्या आतच हॉर्न सोडतात, मग सा मिळतच नाही. तान अर्धवट सोडून उठलेल्या विद्यार्थ्याचा येतो तसा राग येतो मला.

बेरीज_वजाबाकी
ताई, तुम्ही नकळत गाडीचा वेग मोजताय!

शुद्ध रे आणि सा यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर ९:८. येतानाच्या आणि जातानाच्या सुरात तेवढा फरक पडायचा तर गाडीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या बरोब्बर सतराव्या भागाइतका लागतो. (कसं? गुणोत्तरातले दोन आकडे घ्या, वजाबाकीला बेरजेने भागा. ९ वजा ८ एक, ९ अधिक ८ सतरा. झालं.) ३० अंशांच्या मुंबईच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. त्याचा सतरावा भाग साडेवीस मीटर, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. पार्ल्याहून जाणाऱ्या फास्टला शोभणारा वेग आहे.

कोमल रे धरला (१६:१५) तर एकतिसावा भाग, ताशी ४० किमी. कोमल गंधार (६:५) ऐकू आला तर ताशी ११४. आणि शुद्ध गंधार (५:४) यायला ताशी १४० लागतील. तो फलाटावर उभं राहून ऐकू आलाच तर ती लोकल नव्हे, आणि तुम्ही फार कडेला उभे आहात.

आणखी एक. हॉर्नची पट्टी काहीही असो, उत्तर तेच येतं, कारण लागतं ते फक्त गुणोत्तर.

कुर्ल्याचा_कावळा
आणि मेगाब्लॉकला?

अर्धा_कटिंग
मेगाब्लॉकला विलंबित एकताल. समेवर यायला पाऊण तास.

माटुंगा_डाऊन
बेरीज_वजाबाकी, _/\_. चाळीस जणांच्या वर्गात आमच्या सरांनी एवढं एक गणित घातलं असतं तर निदान निम्मे जण जागे राहिले असते.

बोरीबंदर
डॉप्लरने हे कागदावर मांडलं १८४२ मध्ये, पण त्याचा भर होता ताऱ्यांच्या रंगांवर. आवाजावर पडताळून पाहिलं ते बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने, १८४५ साली उट्रेख्तजवळच्या रेल्वेमार्गावर. त्याने इंजिनासोबत उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले आणि रुळाशेजारी पक्क्या कानाचे वादक उभे केले. डब्यातल्यांनी एकच सूर धरून ठेवायचा आणि खालच्यांनी तो किती चढा किंवा उतरता लागला ते सांगायचं. त्या काळात ताशी ६०-७० चा वेग गाठू शकणारं वाहन रेल्वे सोडून होतंच कुठे! खर्जातला_गंधार यांनी पार्ल्याला जे केलं तेच त्या वादकांनी केलं, फक्त त्यांना मानधन मिळालं असावं.

कुर्ल्याचा_कावळा
आपल्याकडे ८:४३ च्या बदलापूरमध्ये तुतारीवाले चढवून दाखवा. चौथी सीट तरी मिळेल का? (कृपया हलके घ्या)

शंकेखोर
सगळं छान, माझ्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. येताना चढतो की नाही?

निरीक्षक_९१
नाही चढत. वेग एकसारखा असेल तर गाडी लांब असतानाच सूर सगळ्यात वर असतो. तुम्ही रुळांच्या मध्ये नसून बाजूला उभे असता, म्हणून जवळ येता येता तो किंचित *उतरतच* असतो, आणि समोरून जाताना धाडकन उतरतो. चढण्याचा प्रश्नच येत नाही.

पण तुम्हाला चढल्यासारखा वाटतो हेही खरं आहे. आवाज मोठा होत गेला की आपला कान त्याला उंच होत गेल्याचा रंग देतो. १९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी यावर रीतसर प्रयोग केलेत. प्रत्यक्षात उतरणारा सूर लोकांनी चढता म्हणून सांगितला, कारण आवाज वाढत होता. तेव्हा तुमचे कान झिजलेले नाहीत, चारचौघांसारखे आहेत.

शंकेखोर
चारचौघांसारखे म्हणजे कौतुक की अपमान?

गिरगावची_काकू
मला विज्ञान फारसं कळत नाही, पण आवाजाचं म्हणाल तर आमच्या चाळीतल्या नळाचं सांगते. पाणी यायचं भल्या पहाटे, मोरीत दिवा नसायचा. हंडा नळाखाली लावायचा आणि अंथरुणात परत पडून ऐकायचं. आधी घुमल्यासारखा जाड आवाज, मग बारीक, आणखी बारीक. शेवटी शिट्टीसारखा झाला की उठायचं. एक थेंब सांडू न देता हंडा उचलायचे आम्ही. पितळी हंड्याचं वेगळं आणि प्लास्टिकच्या पिंपाचं वेगळं, पण आवाज बारीक होत जाणं दोन्हीकडे सारखंच. सासूबाई तर पलीकडच्या बिऱ्हाडाचा हंडा भरला तेही आवाजावरून सांगायच्या.

बेरीज_वजाबाकी
काकू, हंड्यात सूर लावते ती आतली हवा. पाणी चढतं तसा वरचा हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आखूड स्तंभाचा सूर उंच. बासरीत बोटं उचलत गेलं की होतं तेच.

खर्जातला_गंधार
थांबा, मग जलतरंगाचं काय? तिथे वाडग्यात पाणी *वाढवलं* की सूर *उतरतो*. जुळवताना आम्ही चमच्याने पाणी काढत किंवा घालत बसतो. हंड्यात पाणी वाढलं की सूर चढतो आणि वाडग्यात उतरतो, हे कसं?

बेरीज_वजाबाकी
आहाहा, काय प्रश्न आहे! जलतरंगात काडी बसते वाडग्याच्या काठावर आणि थरथरते ती चिनी मातीची भिंत. पाणी त्या भिंतीला चिकटून तिच्याबरोबर हलतं, म्हणजे तिच्यावरचं ओझं वाढतं. जड झालेली भिंत सावकाश थरथरते, म्हणून सूर खाली. घरी करायचा प्रयोग: काचेची बाटली अर्धी भरा. तोंडाशी फुंकर मारा आणि मग चमच्याने तीच बाटली वाजवा. आता थोडं पाणी वाढवा आणि दोन्ही परत करा. फुंकरीचा सूर वर गेलेला असेल, चमच्याचा खाली आलेला. एकाच बाटलीतून.

चिंगीची_आई
आत्ता केलं. चिंगी (इयत्ता चौथी) ओरडत घरभर फिरतेय. शेजारच्यांना तुमचा पत्ता देऊ का?

खर्जातला_गंधार
आता माझी आवडती गोष्ट. तंबोऱ्याच्या चार तारा: प, सा, सा आणि खर्जाचा सा. गंधाराची तार एकही नाही. पण जवारी (तारेचं घोडीवर नेमकं टेकणं) नीट लागली आणि तारा खऱ्या मिळाल्या की त्यातून गंधार ऐकू यायला लागतो. आमच्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नवीन मुलांना पहिल्या दिवशी कधीच ऐकू येत नाही. मी मुद्दाम काही सांगत नाही, नुसतं छेडत राहते. कधीतरी एखादं पोर मधेच दचकून विचारतं, "हा ग कोण गातंय?"

कारण ठाऊक आहे: खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर) दोन सप्तकं वरच्या शुद्ध गंधारावर पडतो. पण प्रत्येक तारेला पाचवा स्वरांश असतो, तो इतका खुलून येतो तंबोऱ्यातच. किमया घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची. घोडीचा माथा सपाटसर, किंचित उतरता घासलेला असतो आणि तार त्याला चाटत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा एक धागा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे केला की मिटलेला आवाज एकदम उघडतो. त्या एका जागेसाठी मी अर्धा अर्धा तास घालवलाय. पंख्याच्या वाऱ्यानेही बिघडते.

डग्गा_तबला
ताई, वाऱ्याचं काय घेऊन बसलात, आमचा पावसाळा बघा. मुंबईत जून लागला की तबल्याची पुडी (वरचं कातडं) दमट होऊन सैल पडते. हातोडीने गठ्ठे ठोकून ठोकून काळी चारला आणावं तर गाणं रंगात यायच्या आत तबला पाऊण सूर उतरलेला. एसी हॉलमध्ये उलट, चढतच जातो.

माझा अचंबा मात्र शाईचा आहे. साध्या ढोलाचं कातडं वाजवलं की त्यातून निघणारे वरचे सूर एकमेकांशी जमत नाहीत. मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असला आडवातिडवा हिशोब. म्हणून ढोल नुसता "धम्म" म्हणतो, त्यातून सा काढता येत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचा जो काळा गोल असतो तो या सगळ्यांना ओढून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीत आणतो. हे शास्त्रशुद्ध मांडलं सी. व्ही. रामन यांनी, १९२० च्या 'नेचर'मध्ये.

पण रामन यांच्या आधी किती पिढ्या कारागिरांनी हे नुसत्या कानाने साधलं असेल! शाई म्हणजे लोहकीस आणि खळ. पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, परत थर. मधे जाड, कडेला पातळ. घोटता घोटता शाईला बारीक बारीक भेगा पडतात. नवख्याला वाटतं पुडी खराब निघाली. त्या भेगा पाडलेल्याच असतात. शाई अखंड राहिली तर कातड्याबरोबर वाकणार नाही आणि तबला मुका होईल. नखाने हळूच चाचपून बघा, हाताला लागतात. (माझ्या तबल्यावर नको.)

बोरीबंदर
रामन निघालेच आहेत तर मुंबईचं आणखी एक. १९२१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या परिषदेहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना आधीचं स्पष्टीकरण पटेना. लॉर्ड रॅले यांचं म्हणणं होतं की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे एक निकॉल प्रिझम होतं. त्यातून पाहिलं की पाण्यावरून परावर्तित झालेला आकाशाचा उजेड कापता येतो. तो कापला तरी समुद्र निळाच उरला, म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा. त्यांनी बोटीवरच लेख लिहिला आणि 'नेचर'ला पाठवलेल्या टिपणाखाली ठिकाण घातलं: मुंबई बंदर, सप्टेंबर १९२१. प्रकाशाच्या विखुरण्याचं हे वेड पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेलं. बॅलार्ड पियरकडे गेलो की मला हमखास ते आठवतं.

कुर्ल्याचा_कावळा
बरं झालं जुहूला उतरले नाहीत. समुद्र चहाच्या रंगाचा असतो असा शोध लागला असता.

निरीक्षक_९१
चहा नव्हे, गाळ. खाड्यांतून येणारी माती आणि उथळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीने ढवळलेला तळ. निळा रंग दिसायला उजेडाला स्वच्छ पाण्यात बराच खोल जावं लागतं, इथे वीतभरात तो मातीला धडकतो.

निळी_रेघ
सगळे आकडेच लावताय म्हणून चित्रांकडून हजेरी लावते. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' तुम्ही पाहिलं असेलच, हातात दिवा घेतलेली बाई. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि कॅलेंडरवाल्यांच्या कृपेने अर्धा देश ते रविवर्म्याचं समजतो. हळदणकर सावंतवाडीचे, शिकले आपल्या जे. जे.त, आणि चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी.

त्या चित्रात ज्योतीला आडोसा करणाऱ्या हाताची बोटं बघा. बोटांच्या कडा तांबूस पेटल्यासारख्या दिसतात. उजेड बोटांवर पडलेला नाही, बोटांच्या *आतून* येतोय. आणि हे जलरंगात! पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, तिथे कागद राखावा लागतो. सगळा अंधार भरत जायचा आणि उजेडाची जागा शेवटपर्यंत सांभाळायची. एक ओघळ चुकीचा गेला की संपलं.

आता कृपा करून त्या बोटांचं समीकरण मांडू नका. काही गोष्टी तशाच राहू द्याव्यात.

बेरीज_वजाबाकी
नाही मांडत. (हात शिवशिवतायत.)

निरीक्षक_९१
मी मांडतो, मला दटावलेलं नाही. अंधारात मोबाइलची बॅटरी लावून तिच्यावर बोट ठेवा. बोट लाल दिसेल. रक्त निळा-हिरवा उजेड गिळतं, लाल बराचसा सोडून देतं, आणि तो मांसात इकडेतिकडे विखुरत बाहेर पडतो. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र याच गोष्टीवर चालतं. हळदणकरांना यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. त्यांनी पाहिलं होतं. मी आयुष्यभर निरांजन हातात धरलं आणि मला हे कधी दिसलं नाही, ते तुमच्या वरच्या चार ओळींनी दिसलं. त्यामुळे कारण कळल्यावर गोडी जाते हे मला पटत नाही, पण आधी दाखवणारा लागतो हे शंभर टक्के.

निळी_रेघ
बॅटरीवर बोट ठेवून बसलेय. बोलू नका माझ्याशी.

अंधेरीकर
चित्रं-गाणी दोन्हींतलं नाही, पण दगडाला कोण वाली? गिल्बर्ट हिल. सुमारे २०० फुटांचा सरळसोट काळा कातळ, वर गावदेवीचं देऊळ, चारही बाजूंनी इमारती. रोज रिक्षाने शेजारून जातो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडून खांब तयार झाले. आकसणाऱ्या गोष्टीला कमीत कमी खर्चात तडकायचं असेल तर तीन भेगा १२० अंशांत मिळणं सगळ्यात सोयीचं, म्हणून खांब षटकोनी व्हायला बघतात. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरला लोक विमानाने जातात. आपल्याकडे खाली भाजी घेता घेता मान वर केली की झालं.

गिरगावची_काकू
वर्षानुवर्षं देवळात गेले, कातळाकडे बघितलंच नाही. आता नवरात्रात बघेन.

दुपारचा_बारा
माझी भर. मुंबईत वर्षातून दोनदा सावली नाहीशी होते: १५ मेच्या आसपास आणि २८ जुलैच्या आसपास. सूर्य बरोबर डोक्यावर येतो, विजेच्या खांबाची सावली त्याच्या बुडात जाते. जुलैतली बहुधा ढगात जाते, म्हणून मेचीच धरायची. वेळ मात्र बाराची नाही, १२:३५ ची. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि मुंबई त्याच्या साडेनऊ अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस मिनिटांचा उशीर. त्यातली काही मिनिटं मेमध्ये सूर्य भरून काढतो. पूर्वी 'बॉम्बे टाइम' म्हणून वेगळं घड्याळ होतं ते याच एकोणचाळीस मिनिटांचं.

अर्धा_कटिंग
म्हणजे मी ऑफिसला रोज उशिरा पोचत नाही, बॉम्बे टाइमने वेळेवर पोचतो. साहेबांना लिंक पाठवली आहे.

माझाही एक. चहा गाळायला विसरलात तर कपात चमचा फिरवून बघा. पावडर गोल गोल फिरते आणि शेवटी मधोमध ढीग करते. बाहेर फेकली जायला हवी ना? तळाशी पाणी घासून मंदावतं, त्यामुळे तिथे आतल्या बाजूला प्रवाह तयार होतो, तो पावडरीला मधे लोटतो. १९२६ मध्ये खुद्द आइनस्टाइनने यावर लिहिलंय आणि त्यातूनच नद्या वळणं का घेतात ते सांगितलंय. टीआयएफआर या संशोधन संस्थेचे लोक रविवारी पृथ्वी थिएटरला 'चाय अँड व्हाय' ही विज्ञानाची व्याख्यानं करतात, तिथला चहा पिताना मी हेच बघत बसलो होतो. व्याख्यान कशावर होतं विचारू नका.

माटुंगा_डाऊन
मूळ प्रश्नावर परत येतोय, कारण पुरावा आणलाय. फोनवर सूर मोजायचं ॲप घेतलं आणि पिवळ्या पट्टीच्या चांगला मागे उभा राहिलो. बऱ्याच गाड्या फुकट गेल्या, ताई म्हणतात तसा मोटरमन आधीच हॉर्न सोडतो, नाहीतर शेजारचा माणूस नेमका तेव्हाच फोनवर ओरडतो. काल एकाने पूर्ण दिला. येताना ४१५ हर्ट्झ, जाताना ३७२.

बेरीज_वजाबाकी
वजाबाकी ४३, बेरीज ७८७. साधारण अठरावा भाग. ताशी ६९ किमी. आणि गाडी उभी असती तर हॉर्नचा सूर ३९२ च्या आसपास आला असता.

खर्जातला_गंधार
३९२ म्हणजे पांढरी पाच! माझ्या निम्म्या विद्यार्थिनींची पट्टी. आणि उतार शुद्ध रिषभाहून अगदी थोडा कमी. रिषभ जरा उतरा लागलाय, बाकी ठीक.

डग्गा_तबला
दुसऱ्या रेकचा हॉर्न वेगळ्या पट्टीत असेल हं. लगेच पास काढून रियाजाला जाऊ नका.

शंकेखोर
त्या ॲपचा आलेख टाका. येताना रेघ वर जाते का ते मला बघायचंय.

माटुंगा_डाऊन
टाकलाय. सपाट आहे, मग कडा.

शंकेखोर
आलेख बघितला. आज दादरला परत ऐकलं. चढतो.

चिंगीची_आई
इकडे जलतरंग पूर्ण झाला आहे. सा ते नी लागले, वरच्या सा साठी वाडगा कमी पडतोय. घरातलं प्रत्येक भांडं पाणी भरून हॉलमध्ये मांडलंय आणि हात लावला की रडारड. बेरीज_वजाबाकी, आता रात्रीची आमटी कशात वाढायची तेवढं सांगा.

गिरगावची_काकू
ताटात वाढ. आणि वाडगा हवा असेल तर माझ्याकडे चिनी मातीची बरणी आहे लोणच्याची, कुणाला तरी गिरगावात पाठव.